दहा घरं, एक वर्ष: ललितेतर वाचनाला भिडू हवेत

टेकडीवरची

मंडळी, एक विधान करते, पटलं नाही तर खुशाल झोडपा. आपण मराठी वाचणारे ‘ललितेतर’ म्हणून जे वाचतो ते जवळजवळ सगळं तीन फडताळांत मावतं: शिवकाल-पेशवाई, कुणाचं तरी आत्मचरित्र, आणि युरोप नाहीतर नर्मदा परिक्रमा. त्यापलीकडे खडक आहेत, कर आहेत, किडे आहेत, व्याजदर आहेत, यंत्रं आहेत. त्याबद्दलचं आपलं ज्ञान म्हणजे व्हॉट्सॅपवर येईल तेवढं.

म्हणून बेत असा. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर आकडा चिकटवलेला असतो ना, त्या दशांश पद्धतीत सगळ्या ज्ञानाची दहा घरं केली आहेत. ००० सर्वसाधारण आणि संगणक, १०० तत्त्वज्ञान-मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. या आषाढापासून पुढच्या आषाढापर्यंत प्रत्येक घरातलं एकेक पुस्तक वाचायचं. दहा महिने दहा पुस्तकं, उरलेले दोन महिने दिवाळी अंकांना आणि तापाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी एखाद्या बागेत जमायचं आणि प्रत्येकाने पाच मिनिटांत एवढंच सांगायचं, की मला माहीत नव्हतं असं काय सापडलं. परीक्षण नको, लेखकाचा मोठेपणा नको. ८०० मध्ये कथा-कादंबरी चालणार नाही. निबंध, समीक्षा चालेल.

आता खरा प्रश्न. अर्थशास्त्र, गणित आणि तंत्रज्ञान या तीन ठिकाणी मी अडले आहे. ३०० चं घर लोककथांवरचं पुस्तक वाचून सहज भरेल, पण ती पळवाट झाली. मला पैशाबद्दल वाचायचंय, आणि शक्यतो मराठीत. सुचवा.

पेठकरी

बाग कुठली ते आधी ठरवा. पार्किंग नसेल तर ज्ञान नको.

भुंगा

मी येतो. १०० च्या घरात ‘पहाटे पाचला उठा आणि आयुष्य बदला’वाली पुस्तकं चालतील का?

पेठकरी

चालतील. मात्र पहाटे पाचला उठून वाचायची.

कसर

टेकडीवरची, बेत झकास आहे. मी पोटापाण्याला ग्रंथपालच आहे, म्हणून थोडी भर घालते. ही दहा घरं मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन माणसाने १८७६ साली पाडली, तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता आणि पहिली आवृत्ती ४४ पानांची होती. तेव्हा ही काही विश्वाची रचना नव्हे, एका तरुणाने आपल्या कॉलेजच्या कपाटांसाठी केलेली सोय आहे. ती त्याच्या चष्म्यातून झालेली आहे हे जागोजागी दिसतं. २०० म्हणजे धर्म. त्यात २२० ते २८० एवढा पट्टा ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी अख्ख्या जगाच्या देवांना मिळून २९०. हिंदू धर्म २९४.५ मध्ये, दशांश चिन्हाच्या पलीकडे. मराठी साहित्य ८९१.४६, म्हणजे ‘इतर’ भाषांच्या गर्दीत कोपऱ्यावर.

तेव्हा घरं पाळा, पण भक्तिभावाने नको.

@भुंगा, त्या पुस्तकांचा क्रमांक १५८. तोच विषय समोरच्या स्टॉलवर उशीएवढ्या ढिगात मिळतो, त्यासाठी ग्रंथालयापर्यंत यायची गरज नाही.

तिरपांगडे

मला हा प्रकार मुळातच पटलेला नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. फेब्रुवारीत मेंदू, मार्चमध्ये मधमाश्या, एप्रिलमध्ये महागाई. त्यातलं जूनमध्ये काय उरणार? वाचन म्हणजे काय अष्टविनायक यात्रा आहे, आठ झाले की घरी?

मी बरीच वर्षं एकाच विषयावर वाचतो आहे, तो म्हणजे पुण्याचं पाणी. अजून पुरतं हाती आलेलं नाही.

मिरजमावशी

चिंध्यांची गोधडी होते हो तिरपांगडे. ऊब लागते तिची.

माझ्या दोन शंका आहेत. एक, इरावतीबाईंचं ‘युगान्त’ कुठल्या घरात? दोन, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ ६०० मध्ये धरता येईल का? कारण स्वयंपाक हे तंत्रज्ञान नाही असं कुणी म्हणणार असेल तर त्याने एकदा माझ्यासमोर पुरणपोळी लाटावी.

कसर

मावशी, ‘रुचिरा’ बिनतक्रार ६०० मध्ये. पाककला ६४१.५, ड्युईनेच दिलेलं आहे.

‘युगान्त’चं मात्र भांडण आहे. महाभारत म्हणून धरलं तर २९४.५९२३, निबंध म्हणून धरलं तर ८९१.४६. आणि लिहिणाऱ्या बाई डेक्कन कॉलेजातल्या मानवशास्त्रज्ञ, कुंती-गांधारीकडे नात्यागोत्याच्या चौकटीतून बघणाऱ्या, म्हणजे ३०० वरही हक्क सांगता येईल. शिवाय त्यांनी आधाराला घेतली ती भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये संपलं. शेकडो हस्तलिखितं ओळीओळीने ताडून बघायची आणि नंतर घुसलेला मजकूर तळटीपेत टाकायचा. लॉ कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

पेठकरी

म्हणजे ‘रुचिरा’ वाचून मी ६०० पार. सोपं आहे.

मिरजमावशी

नुसतं वरण-भाताचं पान वाचून नाही चालणार. सगळं वाचा, मग कळेल बाईंनी काय केलंय. १९७० सालचं पुस्तक. त्याआधी आमच्या घरी पाककृती म्हणजे ‘मीठ अंदाजाने, पीठ बसेल तेवढं’. त्यांनी वाटी-चमच्याचं माप धरलं आणि सासूशिवाय स्वयंपाक शिकता येईल अशी सोय केली. लग्न करून परगावी, परदेशी गेलेल्या मुलींनी ते पुस्तक बॅगेत घालून नेलं ते उगाच नाही. प्रयोग पुन्हा केला तर तोच निकाल आला पाहिजे, याला विज्ञानवाले काय म्हणतात ते भुंग्याने सांगावं.

भुंगा

मावशी, आमच्याकडे असं एकदाही होत नाही. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणतात.

शेवटची_बस

मी कात्रजहून हिंजवडीला रोज जातो. पुस्तक धरायला हात मोकळा नसतो, दांडा धरावा लागतो. कानात ऐकलेलं पुस्तक मोजणार का?

पेठकरी

ऐकलेलं म्हणजे कीर्तन. वाचन नव्हे.

अण्णा_हडपसर

पेठकरी, महाराष्ट्र अर्धाअधिक कीर्तन ऐकूनच शहाणा झालाय. बसवाल्या भाऊंचं मोजा. पण एक अट घाला, रविवारी बोलताना कागद हातात नको. ज्याने नीट ऐकलंय त्याला आठवतं.

टेकडीवरची

अण्णांची अट मंजूर, आणि सगळ्यांनाच लागू. ऐकलेलं चालेल.

तिरपांगडे, तुमचा मुद्दा मी झटकत नाहीये. पण पाण्यावर इतकं वाचलंत तर एकदा आमच्यासमोर बोला तरी.

खडकमाळ

५०० साठी भूशास्त्र घ्या, असा माझा आग्रह. कारण त्याचं प्रयोगशाळेचं भाडं द्यावं लागत नाही. आपण सगळे त्याच्यावरच बसलेलो आहोत.

पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड, सगळा एकच बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. मी पदवीचं साधं पाठ्यपुस्तक वाचलं आणि घाटातल्या कापलेल्या दरडी दिसायला लागल्या. आधी त्या नुसत्याच ‘दरड’ होत्या. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये मधेच विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना? एक लाव्हा थिजल्यावर बराच काळ मोकळा गेला, वरचा भाग कुजून माती झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती माती भाजून काढली. त्या वीतभर पट्ट्यात दोन उद्रेकांमधला सगळा निवांतपणा आहे.

आणि पोकळ्या. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. आपल्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं खनिज सापडतं. स्टिल्बाइट नावाच्या पांढऱ्या खनिजाच्या बिछान्यावर हरभऱ्याएवढा गोळा, आणि रंग असा निळा, की कुणीतरी शाई लावली असेल असं वाटावं. भिंग लावलं की गोळ्याच्या जागी मधून बाहेर फुटलेल्या सुयांचा झुपका दिसतो. जगातल्या संग्रहालयांमध्ये जे उत्तम नमुने आहेत ते बव्हंशी तिथले. आपल्याला वाघोली म्हटलं की आठवतं काय, तर नगर रोडची कोंडी.

शेवटची_बस

त्या कोंडीत भेग पडून आपण आत जाऊ तेवढंच बाकी आहे.

भुंगा

गणितासाठी मी एक देतो, पुस्तक नाही, भूल पाडायला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, शिकले आपल्या फर्ग्युसनला, आणि देवळालीला शाळामास्तर होते. फावल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. इथले गणिती फारसं मनावर घेत नव्हते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकातल्या आपल्या सदरात लिहिलं आणि मग जगाला नाव कळलं.

खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळा केलंत की ६१७४ येते आणि तिथेच अडकते.

आमच्या सदाशिव पेठेचा पिन ४११०३०. शेवटचे चार, १०३०.
३१०० − ००१३ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
तीन पायऱ्यांत पोचलो.

पेठकरी

अपेक्षितच होतं. कोथरूडचं काय?

भुंगा

कोथरूड १०३८: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सहा पायऱ्या.

पेठकरी

मेट्रो असूनही.

अण्णा_हडपसर

हडपसर १०२८: ८०८२, ८५३२, ६१७४. आम्हीही तीनच. पेठांनी जास्त फुगू नये.

धनकवडीकर

कधीच लिहीत नाही इथे, नुसतं वाचतो. पण हे केल्याशिवाय राहवेना. धनकवडी १०४३. ४३१० − ०१३४ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. दोन.

पेठकरी

चुकीचा पिन असणार.

कसर

धनकवडीकर, स्वागत. :)

धागा पिनवर घसरलाच आहे तर माझंही अवांतर खपवून घ्या, ०२० म्हणजे ग्रंथालयशास्त्र. मद्रासला गणित शिकवणारे एक प्राध्यापक, एस. आर. रंगनाथन, १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ बघितला. त्याच चार पट्ट्या आणि स्क्रू, पण कधी गाडी होते, कधी पाळणा. त्यांच्या डोक्यात आलं, की विषयाला आधीच ठरलेलं घर कशाला द्यायचं? विषयाचे सुटे भाग करा आणि हवे तसे जोडा. त्यातून १९३३ ची त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. समजा ‘महाराष्ट्रातल्या उसावरच्या किडीचा गेल्या शतकातला बंदोबस्त’. ड्युईकडे याला शेतीच्या घरात कुठेतरी बसवावं लागतं. रंगनाथन यांच्याकडे ऊस वेगळा, कीड वेगळी, बंदोबस्त वेगळा, स्थळ वेगळं, काळ वेगळा, आणि सगळ्यांची मिळून एक ओळ.

त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी पाच नियम लिहिले. पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. हे काय सांगायला हवं का, असं वाटेल. पण युरोपात एके काळी पुस्तकं फळीला साखळीने बांधून ठेवत, त्याची आठवण त्यांनीच करून दिली आहे.

अण्णा_हडपसर

साखळी गेली, कुलूप राहिलं. मी ज्या वाचनालयाचा सभासद होतो तिथे विज्ञानाचं कपाट काचेचं. आतली पुस्तकं दिसायची, शीर्षकं वाचता यायची. किल्ली मागितली तर ‘ती ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत’. पुढल्या खेपेला गेलो तर ते हजर, पण किल्ली घरी. शेवटी त्यांनी मला कादंबरी दिली. ती मात्र उघड्या टेबलावर होती.

मिरजमावशी

म्हणून तर लोक कादंबऱ्या वाचतात!

अण्णा, आमच्या लहानपणी मिरजेत तंबोरा करणाऱ्यांची दुकानं शाळेच्या वाटेवर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले भोपळे यायचे, ते ओळीने टांगलेले असायचे. कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो आणि कान लावून बसतो. आवाज ‘फुलला’ की थांबतो. ही विद्या कुठल्या पुस्तकात आहे, ७०० मध्ये की ६०० मध्ये, मला सापडलेली नाही. ७०० साठी मी भातखंड्यांचं ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ धरणार आहे. मुळात मराठीत लिहिलेलं, गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य भारी चिकट आहे, दर पानाला शंका काढतो. पेठेतला असावा.

तिरपांगडे

बरं. एवढं चाललंय तर मी पाण्याबद्दल लिहितो. लांबेल.

पुण्यात नदी असूनही पिण्याच्या पाण्याची बोंब होती, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून पाणी आणलं. तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी-विटांचा नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत. ना पंप, ना वीज, नुसता उतार. माणूस आत शिरून चालेल एवढा मोठा नळ, वाटेत गाळ बसायला टाक्या, हवा जायला वर उच्छ्वास. शहरात हौद. साततोटी, बदामी, काळा हौद ही नावं अजून पत्त्यात लिहितो आपण. हा झाला इतिहास, ९००. पण उतार कसा राखला ते कळायला मला स्थापत्य वाचावं लागलं, ६००. हौदावर कुणी पाणी भरायचं आणि कुणी नाही, हा प्रश्न आला की ३०० सुरू होतं, आणि तिथे महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला हे टाळून पुढे जाताच येत नाही. त्याच फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे घालून पाणी जिरवण्याबद्दल वाचा, १८८३ सालचं लिखाण आहे, आणि आजच्या कुठल्याही पाणलोटाच्या अहवालाशेजारी ठेवा.

मग खडकवासला. तिथे विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. हे का चालतं हे नीट कळायला मला तरंगणाऱ्या वस्तूंचं शाळेतलं भौतिकशास्त्र पुन्हा काढावं लागलं, ५००. आणि १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा गेल्या. त्या दिवसाबद्दल वाचायचं तर अभियांत्रिकी, कायदा, पुनर्वसन, लोकांच्या आठवणी, सगळं एकदम लागतं. सहकारनगर-लोकमान्यनगरसारख्या वसाहतींचा नकाशा त्यानंतर वेगळा दिसतो.

म्हणजे माझं म्हणणं, तुम्ही दहा घरांत दहा पाहुणे म्हणून जाणार. मी एकच पाहुणा घेऊन चार घरं फिरलो. विषय बदलायची गरज पडली नाही, विषयानेच मला बाहेर काढलं.

टेकडीवरची

तिरपांगडे, नाही नाही म्हणत तुम्ही आमचं आव्हान जवळजवळ अर्धं पुरं करूनच बसला आहात. १००, ४००, ७०० अशी काही घरं तेवढी राहिली आहेत.

तिरपांगडे

४०० साठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, पाटाच्या पाण्याचे शब्द काढत बसलो होतो त्यात. ७०० राहिलं खरं.

मिरजमावशी

मल्हार.

खडकमाळ

मला तिरपांगडेंची रीत आवडली, पण सगळ्यांना ती झेपेल असं नाही. एका विषयात इतका जीव आधी जडावा लागतो. ज्याला अजून काय आवडतं तेच माहीत नाही त्याने दहा दारं ठोठावलीच पाहिजेत. मला भूशास्त्र आवडेल हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. दुसरं पुस्तक मिळालं नाही म्हणून ते उचललं होतं.

तिरपांगडे

यावर वाद घालणार नाही. दोन गट करा. एक फिरस्त्यांचा, एक आमचा.

पेठकरी

आणि पार्किंगसाठी तिसरा.

नोंदवही

उशिरा लिहितो आहे. सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे आकड्यांशी संबंध आला, पिनकोडशी नाही. मूळ प्रश्न अर्थशास्त्राचा होता आणि त्याचं उत्तर कुणी दिलेलंच नाही.

टेकडीवरची ताई, माझा सल्ला असा, की ‘अर्थशास्त्राची ओळख’ छापाच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषांपाशी माणूस झोपतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ घ्या. १९१५ चं आहे. गावात चलन फारसं न फिरवता व्यवहार कसा चालतो, खळ्यावर बलुतं कुणाला किती आणि कशाबद्दल, कुणाचा हक्क आणि कुणाची नुसती आशा, हे माणसाने खात्याच्या नोकरीत डोळ्यांनी बघून लिहिलेलं आहे. काही मतं आज खटकतील, खटकू द्या, समासात पेन्सिलीने लिहा. पुस्तक स्वतःचं असेल तर.

दुसरी पायरी, धनंजयराव गाडगीळ. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हापासून ते तिचे संचालक. त्यांनी पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करवलं, घरोघरी माणसं पाठवून. कोण काय कमावतो, किती खोल्यांत राहतो. ते इंग्रजीत आहे आणि रूक्ष आहे, पण आपल्याच पेठेचं नाव कोष्टकात दिसलं की रूक्षपणा जातो. आणि हाच माणूस प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर उभा राहिला. १९५० मध्ये तिथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. पुस्तकातलं अर्थशास्त्र आणि उसाचं वजन एका माणसात एकत्र आलेलं फार क्वचित दिसतं.

तिसरं, ज्यांना इंग्रजी चालतं त्यांनी बाबासाहेबांचा १९२३ चा रुपयावरचा प्रबंध हातात घ्यावा. सगळा कळणार नाही, मलाही दोन प्रकरणं पुन्हा वाचावी लागली. पण बाबासाहेबांना फक्त राज्यघटनेत बसवून ठेवणाऱ्यांनी त्यातलं सुवर्णमान आणि चांदीचं भांडण एकदा वाचावंच.

आणि कुठलीही संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश संगणकावर फुकट वाचता येतो. त्यातल्या अर्थशास्त्राच्या नोंदी नीट आहेत. भाषा थोडी इस्त्रीची आहे एवढंच.

टेकडीवरची

नोंदवही काका, दंडवत. मला हेच हवं होतं. ३०० साठी ‘गावगाडा’ नक्की. पहिल्या रविवारी तुम्ही याल का? पाच मिनिटांची अट तुम्हाला नाही.

नोंदवही

येईन. पण अट मलाही ठेवा. लेखापरीक्षकाला मोकळं सोडलं की तो पावत्या मागतो.

कसर

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. सभासद नसाल तर आधी व्हा. एवढ्या जुन्या संस्था या गावात आहेत आणि आपण पुस्तकं मागवतो पार्सलने.

शेवटची_बस

आज कात्रजवरून जाताना तलाव बघितला. रोज बघतो. बस थांबली होती म्हणून शेजारच्या काकांना नळाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, ‘माहितीये, आमच्या वाड्यात उच्छ्वास होता, आम्ही त्यात चेंडू टाकायचो.’

तिरपांगडे

@शेवटची_बस, त्या काकांचा वाडा कुठे होता ते विचारलंत का?

शेवटची_बस

विचारणार तोवर ते उतरले. बालाजीनगरला. उद्या त्याच बसला असतील तर विचारतो.

तिरपांगडे

मी कात्रजला चढतो उद्या.

अण्णा_हडपसर

‘गावगाडा’ मिळालं. शनिवार पेठेत काम होतं, येता येता तिथल्या वाचनालयातून घेतलं. एकच प्रत होती. पहिली तीस पानं झाली पण.

पेठकरी

अहो अण्णा, ती प्रत मी सांगून ठेवली होती. माझ्या नावाची चिठ्ठी घातलेली आहे आत.

अण्णा_हडपसर

चिठ्ठी आहे की. खूण म्हणून तीच वापरतोय.